कलमांच्या बागेला कोणती चेन सॉ: 58 सीसी 22 इंची की 45 सीसी 16 इंची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. देवगडकडे 6 एकर हापूसची बाग, त्यातली निम्मी कलमं चाळीस वर्षांपुढची. वर्षभरात वाळक्या फांद्या काढणं, दोन-चार जुन्या कलमांची खांद्यापर्यंत छाटणी, पावसात आडवं झालेलं एखादं झाड आणि बांधावरच्या आकेशिया, ऐन, किंजळाचं सरपण, एवढं काम. मशीन तुम्ही आणि तुमचे काका चालवणार. बाजारात 58 सीसीची, 22 इंची बारची (बार म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी) मशीन 9 हजारांत मिळते आणि नावाजलेल्या कंपनीची 45 सीसीची, 16 इंचीवाली जवळपास चौपट किंमतीला. कमी सीसीला जास्त पैसे का मोजायचे, असं तुम्ही विचारलंय.

सीसीचा प्रश्न जरा बाजूला ठेवा. आधी एक मोजपट्टी घेऊन बागेत फिरा. गेल्या दोन वर्षांत जे जे कापलं त्याचा घेर आठवून लिहा आणि पुढच्या दोन वर्षांत जे कापायचंय त्याचा मोजून लिहा. घेराला 3.14 ने भागलं की व्यास. 4 फूट घेराचा बुंधा म्हणजे सव्वापंधरा इंच व्यास, 6 फूट घेर म्हणजे 23 इंच. तुमच्यासारख्या बागेत बहुतेक काम 4 ते 12 इंची फांद्यांचं निघतं, आणि 20 इंचांवरचा बुंधा वर्षाकाठी एखाद-दुसरा. मशीन त्या रोजच्या कामासाठी घ्यायची. एखाद-दुसऱ्या बुंध्यासाठी घेतलेली मशीन उरलेल्या सगळ्या फांद्यांना हात मोडून ठेवते.

शिवाय 16 इंची बारने 16 इंचच कापता येतं असं नाही. आडवा पडलेला ओंडका दोन्ही बाजूंनी कापला तर 23-24 इंचांपर्यंत आरामात जातो. लांब बारचा फायदा वाकायला कमी लागतं एवढाच. त्याची किंमत मात्र तिहेरी आहे. लांब चेन ओढायला इंजिनाची ताकद खर्च होते, बारच्या टोकापर्यंत तेल पोचवणं ऑइल पंपाला जड जातं, आणि मशीन नाकावर जड होते. फांद्या साफ करताना मशीन सतत उचलून फिरवायची असते. तिथे ही नाकजड मशीन तासाभरात मनगट धरते. त्याहून वाईट म्हणजे लांब बारचं टोक कशाला लागतंय ते फांद्यांच्या गर्दीत दिसत नाही. उलट्या झटक्याबद्दल पुढे लिहितो, त्याची सुरुवात इथूनच होते.

आता सीसी. सीसी म्हणजे सिलिंडरचं आकारमान, ताकद नव्हे. ताकद किलोवॉटमध्ये बघा आणि ती वजनाशेजारी ठेवून बघा. तुलनेला स्टिल कंपनीची तीन मॉडेलं घेतो, कारण त्यांचे आकडे सरळ छापलेले असतात. एमएस 180 ही 31.8 सीसी, ताकद दीड किलोवॉटच्या आसपास, वजन चार किलोच्या जवळ. एमएस 250 ही 45.4 सीसी, 2.3 किलोवॉट, 4.6 किलो. एमएस 361 ही 59 सीसी, 3.4 किलोवॉट, 5.6 किलो. वजन बार, चेन आणि पेट्रोल सोडून असतं, म्हणजे हातात आल्यावर प्रत्येकीला सव्वा ते दीड किलो वाढवून धरा. तुम्हाला दाखवलेल्या 58 सीसीच्या मशीनवर किलोवॉटचा आकडा कुठे आहे का ते शोधा. बऱ्याचदा नसतोच, किंवा 2.2-2.4 असा असतो. म्हणजे 45 सीसीच्या चांगल्या मशीनएवढीच ताकद, वर किलोभर जास्त वजन आणि सहा इंच लांब बार.

आणि 58 हा आकडा तरी खरा का? कॅटलॉगमध्ये बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) दिला असेल तर गणित घरी करता येतं. बोअरचा वर्ग गुणिले 0.785 गुणिले स्ट्रोक, सगळं सेंटीमीटरमध्ये. वरच्या 45 सीसीवालीचा बोअर 42.5 मिमी आणि स्ट्रोक 32 मिमी आहे, उत्तर 45.4 येतं, छापलंय तेच. एखाद्या मशीनचा बोअर 45 आणि स्ट्रोक 33 भरला तर ती साडेबावन्न सीसीची झाली, स्टिकर काहीही म्हणो.

म्हणून माझं उत्तर: 45 ते 50 सीसी, 2.2 किलोवॉटच्या वर, बारशिवाय वजन पाच किलोच्या आत, बार 16 इंची. 18 इंची आग्रहाने देत असतील तर चालेल, त्यापुढे नको. कंपनी कोणती हे तुमच्याकडून तासाभराच्या अंतरावर कोणाचं सर्व्हिस सेंटर आहे यावर ठरवा. हुस्कवर्ना असो, स्टिल असो की आणखी कुठली, ऑइल पंपाचा वर्म गिअर किंवा क्लचची स्प्रिंग मागितली तर तो माणूस कपाटातून काढून देतो की ‘कोल्हापूरहून मागवतो’ म्हणतो, हे दुकानात उभं राहून विचारा. ज्याच्या कपाटात सुटे भाग आहेत त्याची मशीन घ्या, मग ती माझ्या आवडीची नसली तरी हरकत नाही.

हे उत्तर बदलणाऱ्या दोन-तीन गोष्टी आहेत. काम फक्त 6-8 इंची फांद्यांचं असेल आणि काकाच जास्त चालवणार असतील तर 30-35 सीसीची 14 इंची हलकी मशीन बरी. मोठ्या बुंध्याला भाड्याची आणा. उलट, ऐन-किंजळाचे दोन-अडीच फुटी बुंधे दर आठवड्याला कापायचे असतील तर 60 सीसीच्या खऱ्या व्यावसायिक मशीनला पर्याय नाही, पण ते तुमचं काम नव्हे. आणि मशीन वर्षात सात-आठ तासच चालणार असेल, खिशात 9 हजारच असतील, तर ती स्वस्तातलीही घ्या, मी नाक मुरडणार नाही. फक्त तिचा 22 इंची बार काढून 18 इंची लावा. या मशीनना बहुतेक 0.325 पिचची (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधलं सरासरी अंतर, इंचात), 1.5 मिमी जाडीची चेन असते. 22 इंचीला 86 ड्राइव्ह लिंक (बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्या), 18 इंचीला 72. सोबत पेट्रोलची नळी आणि फिल्टर पहिल्याच महिन्यात चांगल्या दर्जाचे बदला, आणि चेन ब्रेक (पुढची पट्टी ढकलली की चेन थांबवणारा) खरंच लागतो का ते दुकानातच बघा. या मशीन एकसारख्या नसतात. एक पाच वर्षं चालते, शेजारची पहिल्या पावसाळ्यात बसते. अर्धा दोष कार्बोरेटरच्या सेटिंगचा असतो, बाकी अर्धा रबरी सीलचा.

सील कडक झालं किंवा पेट्रोलची नळी चिरली की इंजिन बाहेरची हवा ओढायला लागतं. हवा वाढली, पेट्रोल कमी झालं. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबरच ऑइल येतं, म्हणजे वंगणही कमी झालं. याची खूण ओळखायला सोपी आहे. ॲक्सिलरेटर सोडला तरी आवाज लगेच खाली येत नाही, मशीन उंच सुरात किंचाळत राहते. लोकांना वाटतं आज मशीन जोरात आहे. त्याच क्षणी बंद करा. अजून दहा मिनिटं चालवलीत तर एक्झॉस्टच्या बाजूने पिस्टनवर उभे ओरखडे पडतात आणि मग सिलिंडर-पिस्टनचा खर्च येतो. सेकंडहँड मशीन बघायला गेलात तर सायलेन्सरचे दोन-तीन बोल्ट काढून आत टॉर्च मारा. पिस्टन गुळगुळीत दिसला तर पुढे बोला, रेघा दिसल्या तर चहा पिऊन घरी या.

पेट्रोलबद्दल. मशीनच्या कंपनीचं किंवा चांगल्या दर्जाचं टू-स्ट्रोक ऑइल असेल तर 50 ला 1, म्हणजे लिटरला 20 मिली. साधं 2टी ऑइल असेल तर 25 ला 1, म्हणजे 40 मिली. मापाचं झाकण किंवा औषधाचा कप वापरा, ‘अंदाजे एक बूच’ नको. हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल शोषतो, आणि कोकणच्या हवेत ओलीला तोटा नाही. त्याने कार्बोरेटरमधला रबरी पडदा कडक होतो आणि नळ्या लवकर खराब होतात. म्हणून एका वेळी लिटर-दीड लिटरच मिसळा, दोन-तीन आठवड्यांत संपवा, आणि पावसाळ्याआधी मशीन ठेवताना टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. कार्बोरेटरमध्ये थेंब राहता कामा नये. दसऱ्याला मशीन पूजेला काढली आणि सुरू झाली नाही, याचं कारण दहात नऊ वेळा जून महिन्यात टाकीत राहिलेलं पेट्रोल असतं.

चेनचं तेल वेगळं. गाडीचं काढलेलं काळं ऑइल टाकू नका. त्यात धातूचा बारीक कीस असतो, तो पंप खातो, आणि ते ऑइल चेनला चिकटून न राहता उडून जातं. चेनसाठीचं तेल मिळालं नाही तर नवं इंजिन ऑइल परवडलं. पेट्रोलची टाकी भरली की तेलाची टाकीही भरायची. दोन्ही साधारण एकाच वेळी संपतील अशाच मापाच्या केलेल्या असतात. पेट्रोल संपलं आणि तेल अर्धं शिल्लक आहे, म्हणजे तेलाचं भोक चिकाने बुजलंय. कापायला सुरुवात करण्यापूर्वी बारचं टोक एखाद्या पुठ्ठ्यासमोर वीतभर अंतरावर धरून ॲक्सिलरेटर द्या. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे.

आंब्याचा चीक हा वेगळाच त्रास आहे. ओली फांद कापली की चीक आणि भुसा मिळून बारच्या खाचेत लगदा होतो आणि सुकल्यावर लाखेसारखा बसतो. दिवसाचं काम झालं की चेन काढा, खाच पातळ पत्र्याने खरवडा, ब्रशला थोडं रॉकेल किंवा डिझेल लावून तेलाचं भोक आणि स्प्रॉकेटची, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाची, जागा साफ करा. पाच मिनिटांचं काम. त्याच वेळी बार उलटा करून लावा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. चीक अंगावर उडतो आणि भाजल्यासारखा चट्टा उठतो, म्हणून पूर्ण बाहीचा सदरा घाला.

आता धार. चौपट पैसे देऊन घेतलेली मशीन बोथट चेनवर 9 हजारांच्या मशीनपेक्षा वाईट कापते, म्हणून इथे जरा थांबतो. जांभ्याच्या जमिनीत बुंध्याला पावसाने उडालेली लाल माती बसलेली असते. तिच्यातून एकदा चेन गेली की दाताची धार गेली. जमिनीला टोक टेकलं तर एका सेकंदात गेली. ओळखायचं कसं? चांगली चेन लांबट ढलप्या टाकते, बोथट चेन पिठासारखा भुसा टाकते आणि तुम्हाला मशीन दाबावी लागते. दाबावी लागली की थांबा.

0.325 पिचच्या चेनला 4.8 मिमीची गोल कानस लागते, छोट्या मशीनच्या लो-प्रोफाइल 3/8 चेनला 4 मिमी. बार एखाद्या ओंडक्यात खाच करून घट्ट बसवा, ब्रेक लावा. सगळ्यात आखूड झालेला दात शोधून त्यापासून सुरू करा. दाताच्या माथ्यावर कोन कोरलेला असतो, बहुतेक 30 अंश, त्या रेघेला समांतर कानस धरा. कानशीचा पाचवा हिस्सा दाताच्या माथ्यावर डोकावला पाहिजे, उरलेली खाली. आतून बाहेर ढकलताना कापायचं, मागे आणताना उचलून आणायची. दोन ते चार फेऱ्या, प्रत्येक दाताला मोजून तेवढ्याच. एका बाजूचे झाले की पलीकडे जाऊन दुसऱ्या बाजूचे. उजव्या हाताचा जोर जास्त असल्याने एका बाजूचे दात आखूड होत जातात आणि मग कापताना बार एका अंगाला वळतो. ओंडक्यातला काप केळ्यासारखा वाकडा निघाला तर मशीनला दोष देऊ नका.

दाताच्या पुढे जो छोटा उंचवटा असतो तो रेकर. दात किती खोल चावणार ते तो ठरवतो. धार लावत गेलं की दात खाली येतो आणि रेकर तिथेच राहतो, मग चेन कितीही धारदार असली तरी नुसती घासते. तीन-चार वेळा धार लावल्यावर रेकरची पट्टी ठेवून बघा, दातापासून 0.65 मिमी खाली असला पाहिजे. त्याहून वर उरला असेल तेवढाच सपाट कानशीने काढा. ‘लवकर कापेल’ म्हणून जास्त काढलात तर चेन लाकडाला हिसके मारते आणि झटक्याचा धोका वाढतो. दोन चेन आलटून-पालटून वापरा, आणि दोन्ही संपल्या की स्प्रॉकेटही नवं टाका. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवली की ती नवी राहत नाही. दात अर्धगोल कोपऱ्यांचे म्हणजे सेमी-चिझल मागा. फुल-चिझल स्वच्छ, ओल्या लाकडात वेगाने जाते, पण तुमच्या मातीत आणि वाळक्या किंजळात तासभरही टिकणार नाही.

चेनचा ताण गार असताना बघायचा: खालून लोंबत नाही आणि हाताने सहज सरकते, इतका. तापल्यावर सैल होते, तेव्हा घट्ट करावी लागते. काम संपल्यावर मात्र आठवणीने पुन्हा सैल करा. नाहीतर गार होताना चेन आवळते आणि क्रँकच्या बेअरिंगवर ताण येतो.

उलटा झटका म्हणजे बारच्या टोकाचा वरचा पाव भाग कशाला तरी लागला की बार वर आणि तुमच्याकडे उसळतो, डोळ्यांची पापणी लवायच्या आत. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या दांड्याखालून वळलेला असेल तर मशीन हातात राहते आणि मनगट ब्रेकच्या पट्टीवर आपटून चेन थांबते. अंगठा वरच ठेवायची सवय गड्यांमध्ये फार आहे, ती मोडा. मशीन छातीसमोर नको, शरीराच्या उजव्या अंगाला हवी. खांद्याच्या वर कापायचं नाही. शिडीवर उभं राहून, किंवा एका हाताने झाडाला धरून दुसऱ्या हातात मशीन, हे तर अजिबात नाही. वर चढून करायचं काम करवतीने किंवा कोयत्याने करा. चेन अडकवणारी जाड पँट, बूट, गॉगल आणि कानाला मफ यांचे पैसे मशीनच्या हिशेबातच धरा. उन्हात ती पँट नकोशी होते हे मान्य, पण लुंगी आणि चेन सॉ एकत्र नको.

जाड फांद कलमापासून उतरवताना आधी बुंध्यापासून हातभर अंतरावर खालून एक तृतीयांश काप घ्या, मग थोडं पुढे वरून. फांद पडली की उरलेला खुंट शेवटी काढा. एकदम वरून कापलंत तर फांद मोडताना बुंध्याची साल ओढून नेते, आणि त्या जखमेत खोडकिडा शिरायला वाट मिळते. कापलेल्या तोंडाला त्याच दिवशी बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप).

वादळात पडलेल्या झाडाचं तंत्र वेगळं. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर रायगड किनाऱ्यावर माड-पोफळी अशाच आडव्या पडल्या होत्या. आडवं झाड कुठे दाबलंय आणि कुठे ताणलंय ते आधी बघायचं. दाबलेल्या बाजूने थोडासा काप, मग ताणलेल्या बाजूने पूर्ण. उलट केलंत तर बार चिमटीत सापडतो. बुंधा कापताच मुळांचा गड्डा उसळून पुन्हा खड्ड्यात बसू शकतो, म्हणून त्याच्या मागे कोणी उभं राहू नये, पोरंटोरं तर नकोच. माडाचं बाहेरचं कवच कठीण आणि गाभा मऊ असतो, त्यामुळे आंब्याला जशी पडताना आधार देणारी बिजागरी राहते तशी त्याला भरवशाची राहत नाही. उभा माड पाडायचा असेल तर दोर बांधून, अनुभवी माणसाच्या हातून.

अख्खं झाड काढायचं असेल तर आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ ही महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत अधिनियम 1964 च्या अनुसूचीत आहेत, झाड स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी आधी परवानगी काढा. छाटणीची गोष्ट वेगळी.

मशीन घ्यायला जाल तेव्हा खोक्यातली नवी काढून गार इंजिनावर सुरू करायला सांगा. चोक देऊन दोन-तीन दोर, मग चोक काढून एक-दोन, यात सुरू झाली पाहिजे. नुसतं चालू ठेवल्यावर चेन फिरता कामा नये. ॲक्सिलरेटर देऊन ब्रेक मारल्यावर चेन तिथल्या तिथे थांबली पाहिजे. पुठ्ठ्यावरची तेलाची रेघ तिथेच बघा. आणि काकांना बरोबर न्या, मशीन त्यांच्या हातात द्या, दोन मिनिटं कमरेच्या उंचीवर आडवी धरायला सांगा. निघताना एक जादा चेन, कानस आणि रेकरची पट्टी त्याच बिलात घ्या, आणि बारच्या बुडाशी कोरलेले पिच, जाडी आणि लिंकचे आकडे मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. पुढची चेन आणायला गडी पाठवाल तेव्हा त्याला सांगायला तेच लागतील.